बाहेरचे तज्ज्ञ

सत्काराची शाल परत करणारा पाहुणा मी आयुष्यात एकच पाहिला. नारळ मात्र त्यांनी ठेवून घेतला. "नारळ खावाला येतंय," ते आमच्या डायरेक्टरसाहेबांना म्हणाले, "शालीचं मी करंजाला काय करू? आमच्याकडं थंडी नाय." तोवर फोटो काढून झाला होता, त्यामुळे कॉलेजच्या वार्षिक अंकात ते शाल स्वीकारतानाच दिसतात. फोटोत ते हसत नाहीयेत. डायरेक्टरसाहेब हसताहेत.

पनवेलच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तेव्हा नुकतंच संशोधन केंद्र निघालं होतं. निघालं म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या एका हॉलला तशी पाटी लागली होती. शिकवणाऱ्यांना पीएचडी हवीच, असा नियम आला आणि आम्ही सगळे एका वर्षात संशोधक झालो. दर सहा महिन्यांनी एका शनिवारी सेमिनार व्हायचा. प्रत्येकाने आपलं काम तज्ज्ञांपुढे मांडायचं, तज्ज्ञांनी सूचना करायच्या, मग सगळ्यांनी समोसे खायचे. तज्ज्ञांपैकी एक उद्योगक्षेत्रातला, म्हणजे बाहेरचा असावा, असंही नियमात होतं. मुंबईचे तज्ज्ञ गाडी पाठवा म्हणायचे. पुण्याचे तज्ज्ञ गाडी पाठवूनही यायचे नाहीत. शाल परत करणारे हे सर उरणच्या एसटीने आपले आपण यायचे, आणि दार उघडायच्या आधीच पायऱ्यांवर येऊन बसलेले असायचे. या एका गुणावर त्यांची निवड झाली. त्यांना काय येतं, हे कुणी विचारलं नव्हतं.

ते करंजाच्या कोळीवाड्यातले. वडील, काका, भाऊ सगळे होडीवर. यांना मात्र होडीत पाय ठेवला की उलटी व्हायची. "बापानं दोन वरसं बघितलं, तिसऱ्या वरसाला शाळेत घातलं," ते सांगायचे. शाळेतून डिप्लोमा आणि डिप्लोमातून बंदराचा कॉम्प्युटर विभाग. कोणतं जहाज कुठल्या धक्क्याला लागणार, हे सांगणारे प्रोग्रॅम त्यांनी तीस वर्षं लिहिले आणि त्याहून जास्त दुरुस्त केले. आम्ही पाठीमागे त्यांना तांडेल म्हणायचो. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. ज्याला होडी लागते त्याला तांडेल म्हणण्यात आम्हाला फार मोठा विनोद केल्यासारखं वाटायचं.

सेमिनार इंग्रजीत चालायचा. सर मराठीत बोलायचे, आणि तेही घरचं मराठी. एकदा अध्यक्षांनी अदबीने सुचवलं, की इंग्रजीत बोललात तर बरं होईल. सर म्हणाले, "इंग्रजी मना येतंय. पन इंग्रजीत खोटं लवकर पचतंय." अध्यक्षांनी हे इतिवृत्तात कसं लिहायचं ते मला विचारलं. मी लिहिलं, 'भाषेविषयी उपयुक्त चर्चा झाली.'

स्लाइड्स ते बघायचे नाहीत. पहिली स्लाइड लागली, की खुर्ची सरळ खिडकीकडे वळवायची आणि कर्नाळ्याच्या सुळक्याकडे बघत बसायचं. बोलणाऱ्याला त्यांची पाठ दिसायची. रंगीत आलेख यायचे, बाण यायचे, ढगाच्या आकारातलं इंटरनेट यायचं, पाठ हलायची नाही. पडद्यावर प्रोग्रॅमच्या ओळी आल्या की मात्र, कुणी न सांगता, खुर्ची वळायची. त्यांना कसं कळायचं कोण जाणे. माझा अंदाज असा, की त्या वेळी बोलणाऱ्याचा आवाज बारीक व्हायचा.

मग त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "हा कोनी लिवला?"

निम्मे संशोधक इथेच गारद व्हायचे.

इम्रान माझ्याबरोबरच लेक्चरर होता. पनवेलच्या मोहल्ल्यातला, भाऊ दुबईला, आणि हा घरातला पहिला होऊ घातलेला डॉक्टर. एखादं सॉफ्टवेअर तयार व्हायला किती महिने लागतील हे आधीच सांगणारा प्रोग्रॅम त्याने केला होता, आणि स्वतः लिहिला होता, त्यामुळे पहिल्या प्रश्नातून तो सुटला. सर म्हणाले, "आता चालवा. पन काय भरू नका. नुसतं एंटर मारा."

"सर, पण माहिती न भरता कोण चालवेल?"

"मानूस," सर म्हणाले.

इम्रानने एंटर दाबलं. भल्यामोठ्या पडद्यावर लाल अक्षरं पसरली आणि सगळं बंद पडलं. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. इम्रानचे कान लाल झाले. सर मात्र खूश दिसले. "होडी किनाऱ्याला बुडली, चांगलं झालं. खोल पान्यात बुडली असती तर कोन काढनार होतं?" असं म्हणून त्यांनी पिशवीतून एक पुडकं काढून इम्रानच्या हातात दिलं. त्यात सोडे होते, म्हणजे सुकवलेली कोलंबी, आणि जुन्या छापील प्रोग्रॅमच्या कागदात बांधलेली. ज्याची होडी बुडेल त्याला पुडकं, असा त्यांचा अलिखित नियम होता. हॉलमधला एसी तो वास दुपारभर सगळ्यांना सारखा वाटत राहायचा. माझे गाईड कांदा-लसूणसुद्धा न खाणारे. ते नाकाला रुमाल लावून "व्हेरी इंटरेस्टिंग" म्हणायचे.

गाईडांविषयी सांगायला हवं. माणूस वाईट नव्हता. कोणत्याही प्रश्नावर त्यांच्याकडे उत्तर असायचं, आणि ते एकच असायचं: "फ्यूचर स्कोपमध्ये टाका." प्रबंधाच्या शेवटी 'पुढे काय करता येईल' असं एक प्रकरण असतं. जे जमलं नाही, जे कळलं नाही, जे चुकलं ते सगळं गाईड तिथे पाठवायचे. त्यांच्या एका विद्यार्थ्याचा फ्यूचर स्कोप मूळ प्रबंधापेक्षा मोठा झाला होता.

माझा विषय असा होता. पहिल्या वर्षाची मुलं प्रोग्रॅम लिहिताना कुठेतरी अर्धविराम विसरतात आणि कॉम्प्युटर भलत्याच ओळीवर बोट ठेवून अगम्य इंग्रजीत ओरडतो. मूल घाबरतं. मी अशी व्यवस्था करत होते, की चुकलेला प्रोग्रॅम यंत्राने वाचावा आणि साध्या मराठीत सांगावं, 'सातव्या ओळीत अर्धविराम राहिला.' त्यासाठी मी आमच्याच लॅबमधले मुलांचे हजारभर प्रोग्रॅम गोळा केले. थोडे यंत्राला शिकवायला वापरले, उरलेल्यांवर त्याची परीक्षा घेतली. यंत्र जवळजवळ पैकीच्या पैकी गुण मिळवत होतं. गाईडांनी ताबडतोब शोधनिबंध लिहायला लावला. त्यावर त्यांचं नाव पहिलं होतं आणि माझं नाव बरोबर लिहिलं होतं. तो एका परिषदेत स्वीकारलाही गेला.

सेमिनारमध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर खिडकीकडून वळले आणि म्हणाले, "पोरांचे प्रोग्रॅम मना वाचायचे हायत."

"कोणते, सर?"

"सगले."

गाईड हसले. मीही हसले. सर हसत नव्हते.

मी चारशे छापले आणि दोन गठ्ठे करून उरणच्या गाडीने पाठवून दिले. बाकीचे छापायचा कंटाळा केला. तीन आठवड्यांनी फोन आला, "या."

करंजाला मी पहिल्यांदाच जात होते. धक्क्याला होड्या लागलेल्या, लिलावाचा गलका संपत आलेला, आणि वाटेच्या दोन्ही अंगांना दोऱ्यांवर बोंबील वाळत घातलेले. सरांच्या घराच्या ओट्यावर मात्र माझे प्रोग्रॅम वाळत घातलेले होते. निदान मला तरी तसं वाटलं. कागदांचे ढीग ओळीने मांडलेले, प्रत्येक ढिगावर एकेक दगड. सर पट्टी आणि पेन्सिल घेऊन मधोमध बसले होते. त्यांच्या घरून, म्हणजे बायको, पलीकडे सुकट निवडत होत्या.

"वाटे लावलेत," सर म्हणाले. बाजारात मासळीचे लावतात तसे. "ह्या वाट्यातला कंचाबी उचला."

मी एक उचलला, मग दुसरा, मग तिसरा. तिन्ही मुलांची नावं वेगळी होती, रोल नंबर वेगळे होते. आत मात्र एकच प्रोग्रॅम होता. कुणी एका अक्षराच्या जागी दुसरं घातलं होतं, कुणी मधे रिकामी ओळ सोडली होती. एका वाट्यातल्या अठ्ठावीस प्रोग्रॅममध्ये बेरीज ज्या खणात साठवायची त्याचं नाव 'सोनाली' होतं. त्यातले पंचवीस मुलगे होते. एकाने वर आपलं नाव लिहिलं होतं आणि खाली सोनालीचा रोल नंबर काढायला विसरला होता.

चारशे प्रोग्रॅमचे एकोणीस वाटे झाले होते.

"यंत्राला शिकवलेत यातलेच," सर म्हणाले, "परीक्षा घेतलीत यातलीच. तुमचं यंत्र हुशार नाय. त्यानं पेपर आधीच बघितलाय."

मला बसायला हवं होतं, पण बसायला जागा नव्हती. सगळीकडे माझं संशोधन पसरलं होतं. चार वर्षं मी आलेख काढले, सूत्रं मांडली, निबंध लिहिले; पण मुलांचा एकही प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला नव्हता. वाचायचं काम यंत्राचं, अशी माझी समजूत होती.

सरांच्या बायकोने सुकट निवडता निवडताच विचारलं, "बाय, तुजी पोरा एकमेकांचा बगून लिवतान, ता तुला दिसला नाय?"

"नाही," मी म्हणाले.

"माज्या पाटीत कुनी दुसऱ्याची मासली घातली तर मना अंदारात कलतं," त्या म्हणाल्या, आणि मला पाणी आणून दिलं.

निघताना मी सरांना विचारलं, "तुम्ही सेमिनारला हे सांगणार?"

"मी का सांगू? काम तुमचं हाय. तुमी सांगायचं." मग म्हणाले, "नसंल सांगायचं तर नका सांगू. मी खिडकीतून बघत बसन."

दुसऱ्या दिवशी मी गाईडांकडे गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "फ्यूचर स्कोपमध्ये टाका. की 'भविष्यात अधिक वैविध्यपूर्ण प्रोग्रॅमवर चाचणी घेता येईल.' वाक्य चांगलं आहे."

"पण सर, आकडा खोटा आहे."

"आकडा खोटा नाही. आकडा बरोबर आहे. प्रोग्रॅम खोटे आहेत." ते खरंच विचार करून बोलत होते. "आणि हे पहा, पुढच्या वर्षी तुमच्या बढतीची मुलाखत आहे. मुलगी शाळेत जायला लागली ना? दोन वर्षं आणखी रात्री जागणार का?"

पुढचे पाच महिने मी रोज ठरवत होते आणि रोज बदलत होते. मी धाडसी बाई नाही. रिक्षावाल्याने लांबच्या रस्त्याने नेलं तरी मी त्याला काही बोलत नाही. सेमिनारच्या सकाळपर्यंत माझ्या पेन ड्राइव्हवर दोन सादरीकरणं होती, एक फ्यूचर स्कोपचं आणि एक वाट्यांचं. हॉलमध्ये गेले, पहिलं लावलं. सरांनी खुर्ची वळवली. मी बोलत गेले. निकालाची स्लाइड आली, तो सुंदर निळा स्तंभ छताला टेकलेला. आणि माझ्या लक्षात आलं, की माझा आवाज बारीक झालाय. सरांची खुर्ची वळायला लागली होती. पडद्यावर प्रोग्रॅमची एक ओळही नव्हती.

"हा आकडा खोटा आहे," मी म्हणाले. मराठीत म्हणाले, हे मला इम्रानने नंतर सांगितलं.

मग दुसरी फाइल उघडून मी एकोणीस वाटे दाखवले, सोनालीसकट. हॉलमध्ये हसू पसरलं. अध्यक्षांनी गाईडांकडे पाहिलं. गाईड उभे राहिले. मला वाटलं, आता माझी नोकरी गेली.

"धिस," गाईड म्हणाले, "इज प्रिसाइसली द काइंड ऑफ रिगर आय इन्सिस्ट अपॉन."

टाळ्या पडल्या. माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त. सरांनी गाईडांकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि पिशवीतून पुडकं काढून त्यांच्या हातात ठेवलं. नाही म्हणायची सोय नव्हती. अध्यक्ष बघत होते. मला मिळालं नाही. मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, "तुमची कुटं बुडली?"

परिषदेला पत्र लिहून मी निबंध मागे घेतला. पुढच्या वर्षी माझी बढती झाली नाही, दुसऱ्याची झाली, त्याचा फ्यूचर स्कोप मोठा होता. यंत्राला नव्याने, कुणाचं न बघता लिहिलेल्या प्रोग्रॅमवर बसवलं, तर ते निम्म्याहून थोडं जास्त बरोबर सांगू लागलं. निळा स्तंभ अर्ध्यावर आला.

डायरेक्टरसाहेबांना वाट्यांची कल्पना मात्र फार आवडली. नक्कल पकडणारं यंत्र करा म्हणाले, पालकसभेत दाखवू. मी सरांना विचारायला गेले. "पकडून काय करनार?" ते म्हणाले. "पोरगं बघून का लिवतं, ते त्याला विचारा की."

म्हणून मी विचारलं. सोनालीला शोधून काढलं. ती तोवर शेवटच्या वर्षाला गेली होती, शिरढोणहून यायची. माझ्यापुढे बसली आणि रडायच्याच बेतात होती. मग म्हणाली, "मॅडम, पहिले तीन मी स्वतः केले होते. चौथ्यात कॉम्प्युटर अठ्ठेचाळीस चुका दाखवायला लागला. मी एक दुरुस्त केली तर बावन्न झाल्या. सबमिशन दुसऱ्या दिवशी होतं. मग मी सीनियर दादाकडून घेतला. 'सोनाली' नाव तेवढं माझं घातलं, म्हणजे आपला वाटावा."

अशी चाळीस-पन्नास मुलं माझ्यापुढे बसून गेली. कुणीही आळसाने सुरुवात केली नव्हती. सगळी कुठल्या ना कुठल्या लाल ओळीला घाबरली होती. माझा प्रबंध शेवटी त्यावर झाला: मुलं नेमकी कुठे घाबरतात, आणि त्या जागी त्यांच्याशी कसं बोलावं. दोन वर्षं जास्त लागली. रात्रीही जागले. गाईड प्रत्येक ठिकाणी सांगत राहिले, की ही कल्पना त्यांचीच. मी त्यांचं म्हणणं कधी खोडलं नाही. मी म्हटलंच, मी धाडसी बाई नाही.

ते पुढेही दिसलं. मी डॉक्टर झाले आणि संशोधन केंद्राची समन्वयक झाले. गाईड डीन झाले. आणि नवा नियम आला, की तज्ज्ञसुद्धा पीएचडी झालेलाच हवा. डीनसाहेबांनी मला बोलावून पत्र सांगितलं, मी टाइप केलं, खाली सही माझी. 'आपल्या बहुमोल मार्गदर्शनाबद्दल केंद्र ऋणी आहे' वगैरे. यावर भांडता आलं असतं. निदान 'विशेष निमंत्रित' अशी एखादी खुर्ची मागता आली असती. मी मागितली नाही. पोस्टाने पाठवायची लाज वाटली, म्हणून पत्र घेऊन स्वतः करंजाला गेले. स्वतः नेलं की आपण थोडे कमी दोषी, असा काहीसा हिशेब असावा.

सरांनी पत्र ओट्यावर बसून वाचलं. सावकाश वाचलं, आणि पेन्सिलीने एका ठिकाणी काट मारली.

"चूक हाय," म्हणाले, आणि कागद माझ्यापुढे धरला.

पत्त्यात नावाच्या आधी 'डॉ.' लागलं होतं. डॉक्टर नाही म्हणून ज्यांना काढलं, त्यांना मी डॉक्टर म्हणून पत्र लिहिलं होतं. कॉम्प्युटरमधला जुना नमुना उचलला होता, वाचला नव्हता.

"सर, तुम्ही युनिव्हर्सिटीला लिहा," मी म्हणाले. "मी बरोबर येते."

"कशाला? नियम बरोबर हाय. मी डॉक्टर नाय." त्यांनी पत्राची घडी केली. "खाली सही तुमची हाय ना?"

"हो."

"बरं झालं. वलखीच्या मानसानं काढलं." त्यात टोमणा होता की नव्हता, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांच्या बायकोने आतून हाक मारली, "बाय, जेवून जा." मी जेवले. नको म्हणायला हवं होतं, पण कालवण इतकं चांगलं होतं, की दोनदा भात घेतला. दारापर्यंत सोडायला येताना सरांनी विचारलं, तसं सहज विचारलं, "पुढचा सेमिनार कदी हाय?"

"पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी," मी म्हणाले.

त्या शनिवारी व्यासपीठावर नवे तज्ज्ञ होते. पुण्याहून, गाडीने आलेले, डॉक्टर. डीनसाहेबांचा नवा विद्यार्थी बोलत होता, आणि चांगलं बोलत होता. नव्या तज्ज्ञांनी स्लाइड्सच्या रंगसंगतीबद्दल दोन सूचना केल्या. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. नेहमीप्रमाणे, कुणी काही विचारणार नाही या खात्रीने, मी म्हणाले, "श्रोत्यांपैकी कुणाला काही प्रश्न?"

शेवटच्या रांगेत एक हात वर झाला.

ते केव्हा येऊन बसले, मला माहीत नाही. सेमिनारच्या सूचनेत 'सर्वांना प्रवेश खुला' असं आम्हीच दर वेळी छापायचो. कुणी ते खरं धरेल असं वाटलं नव्हतं. विद्यार्थ्याने डीनसाहेबांकडे पाहिलं. डीनसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मनगटावरच्या घड्याळावर दोनदा बोट आपटलं. ती खूण मला चांगली कळत होती. तिचा अर्थ, वेळ संपला म्हणून सांगा आणि आभार माना.

मी माइक घेऊन खाली उतरले. मधल्या वाटेने शेवटच्या रांगेपर्यंत गेले.

"विचारा, सर," मी माइकमध्ये म्हणाले, डीनसाहेबांनाही ऐकू जाईल असं. "आपल्याकडे भरपूर वेळ आहे."

वेळ अजिबात नव्हता. बाहेर समोसे निवत होते.